यीस्टच्या पेशीला कसं कळतं, कुठलं जनुक कधी चालू करायचं?

मृणालबाई_सदाशिवपेठ

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, पंधरा वर्षं झाली. गेल्या गुरुवारी पेशीचक्र चालू होतं. फळ्यावर नेहमीचं वर्तुळ काढलं, जी१, एस, जी२, एम असे चार भाग पाडले. एसमध्ये डीएनए दुप्पट होतो, एममध्ये त्याची वाटणी होते, इथपर्यंत सगळं सुरळीत. उदाहरणाला यीस्ट घेतलं होतं, कारण मुकुलायन मुलांनी खालच्या वर्गांत केलेलं असतं.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील कॅम्पातल्या एका बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर असतात, त्यामुळे यीस्ट हा त्याच्या घरातला शब्द. तो म्हणाला, "मॅडम, यीस्टमध्ये सहा हजारांच्या आसपास जनुकं आहेत म्हणालात. डीएनए दुप्पट करायला लागणारी आधी वाचायची, पेशी तोडायला लागणारी शेवटी. हे कोण ठरवतं?" मी म्हटलं, सीडीके नावाचं विकर. "त्याला कोण सांगतं?" सायक्लिन नावाचं प्रथिन. "मग सायक्लिनचंही जनुकच असेल ना? ते कोण चालू करतं?"

तास संपला म्हणून सुटले, पण घरी जाताना तोच प्रश्न डोक्यात. मी इतकी वर्षं "सायक्लिन वाढतं, सायक्लिन कमी होतं" असं सांगत आलेय. ते का वाढतं आणि का कमी होतं, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही.

त्याने वर्गाबाहेर अजून एक विचारलं: पिठाचा गोळा सगळा एकदम फुगतो, मग त्यातल्या पेशी सगळ्या एकदम विभागतात का? आणि माझा स्वतःचा तिसरा प्रश्न: यातलं काही आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येईल का? कुणी यीस्टवर काम केलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मुलाला "हे अभ्यासक्रमात नाही" असं उत्तर द्यायचं नाहीये.

यीस्टवाली_पाषाण

मृणालताई, तुमच्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार सांगा. त्याने तीन वेळा "मग त्याला कोण" असं विचारलं, आणि या विषयातल्या लोकांनी पन्नासेक वर्षं तेच विचारलंय.

मी एकोणीस वर्षं यीस्टच्या प्रयोगशाळेत काढली. आधी सुरुवात कशी होते ते सांगते, कारण त्याचा शेवटचा प्रश्न तिथेच पोचतो.

सीडीके यीस्टमध्ये मुख्यतः एकच, त्याचं नाव सीडीसी२८. त्याचं प्रमाण चक्रभर जवळजवळ सारखंच राहतं. बदलतात त्याच्या जोडीदारणी, म्हणजे सायक्लिन. त्या नऊ आहेत: सीएलएन १ ते ३ आणि सीएलबी १ ते ६. नुकत्याच जन्मलेल्या पेशीत यांतली सीएलएन३ तेवढी थोडीशी असते. आणि किती असते? पेशीला खायला किती मिळतंय, ती किती वेगाने वाढतेय, यावर. तेव्हा "मग त्याला कोण सांगतं" ही साखळी एका टोकाला जनुकांच्या बाहेर पडते आणि साखरेपाशी येते. बेकरीवाल्याच्या मुलाला हे आवडेल.

आता डीएनएवर काय चाललंय ते बघू. डीएनए दुप्पट करायला, नवी कळी काढायला लागणारी सुमारे दोनशे जनुकं आहेत. त्यांच्या आधीच्या भागात छोट्या खुणा असतात. एक खूण ए-सी-जी-सी-जी-टी. मुलांना फळ्यावर समोरचा धागा लिहून तो उलटा वाचायला सांगा, तीच सहा अक्षरं येतात. या खुणेवर बसतं एमबीएफ. दुसरी खूण सी-ए-सी-जी-ए-ए-ए, तिच्यावर बसतं एसबीएफ. ही दोन-दोन प्रथिनांची जोडपी आहेत, आणि स्वी६ नावाचं प्रथिन दोन्हीकडे सामाईक आहे.

एसबीएफ जनुकापाशी आधीच येऊन बसलेलं असतं. पण त्याला एका प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं, त्याचं नाव व्हि५. सीएलएन३ आणि सीडीसी२८ यांची जोडी पहिला धक्का देते. थोडंसं एसबीएफ मोकळं होतं आणि ज्या जनुकांना चालू करतं त्यांत सीएलएन१ आणि सीएलएन२ ही सायक्लिनंच असतात! ती सीडीसी२८ला मिळतात, व्हि५वर भराभर फॉस्फेट चढवतात (फॉस्फेट म्हणजे प्रथिनाचं काम बदलणारी छोटी रासायनिक खूण) आणि व्हि५ केंद्रकाच्या बाहेर जातं. मग अजून एसबीएफ मोकळं, अजून सीएलएन. एकदा हे पेटलं की मागे फिरता येत नाही. या क्षणाला 'स्टार्ट' म्हणतात. इथून पुढे अन्न कमी पडलं तरी पेशी हातातलं चक्र पूर्ण करते.

पहिला धक्का नेमका कशावर बसतो यावर अजून वाद आहे. आम्ही शिकलो तेव्हा सीएलएन३ थेट व्हि५वर फॉस्फेट चढवतं असं होतं. २०२१मध्ये एका गटाने दाखवलं की ते जनुकापाशी उभ्या असलेल्या आरएनए पॉलिमरेजवरच फॉस्फेट चढवतं, म्हणजे वाचणाऱ्या यंत्रालाच ढकलतं. वर्गात दोन्ही सांगा. विज्ञान अजून चालू आहे हे बारावीच्या मुलांना कळायला हवं.

पुढचा भाग माझ्या सर्वात जिव्हाळ्याचा. चालू करण्याइतकंच बंद करणं महत्त्वाचं असतं, आणि पुस्तकं त्यावर दोन ओळीसुद्धा खर्च करत नाहीत. एमबीएफ ज्या जनुकांना चालू करतं त्यांत एनआरएम१ नावाचं एक जनुक आहे. त्याचं प्रथिन तयार झालं की परत येऊन एमबीएफवरच बसतं आणि ते बंद करतं. एसबीएफला बंद करतात पुढच्या टप्प्यातली सीएलबी सायक्लिनं. शिवाय या जनुकांचे आरएनए, म्हणजे जनुक वाचून निघालेल्या प्रती, काही मिनिटांतच तुटून जातात, त्यामुळे नळ बंद केला की बादली लगेच रिकामी.

तुम्ही लहानपणी खो-खो खेळला असाल. पाठलाग करणारी मुलगी बसलेलीच्या पाठीवर खो देते, ती उठते आणि ही तिच्या जागी बसते. एकीचं उठणं आणि दुसरीचं बसणं एकाच हालचालीत होतं. पेशीत जनुकांचे गट लाटांसारखे एकामागून एक चालू होतात, त्या लाटा अशाच चालतात. बाकीच्या मुली मैदानाबाहेर गेलेल्या नसतात, पाटीवर तयारच बसलेल्या असतात. पुढच्या लाटेत हे अगदी डोळ्यांसमोर दिसतं. एमसीएम१ आणि एफकेएच२ ही दोन प्रथिनं तिसेक जनुकांच्या एका गटापाशी चक्रभर बसून असतात. एनडीडी१ येऊन लागलं की उठतात. एनडीडी१ तयार होतं एसच्या काळात, आणि त्यावर सीडीसी२८ने फॉस्फेट चढवलं की ते कामाला लागतं. या गटातलं मुख्य जनुक सीएलबी२. ते स्वतःच्याच लाटेला आणखी जोर देतं आणि जाता जाता एसबीएफला बसवतं.

याच गटात सीडीसी२० आहे, जे पुढे सीएलबींना नष्ट करवतं. म्हणजे सीएलबी२ची लाट स्वतःला विझवणारं प्रथिनही बरोबरच तयार करते. आणि याच गटात स्वी५ आहे. ते तयार होऊन केंद्रकाबाहेर थांबतं, कारण त्याच्या आत जाण्याच्या खुणेवर सीडीसी२८ने फॉस्फेट चढवलेलं असतं. गुणसूत्रांची वाटणी झाली की सीडीसी१४ नावाचं विकर मोकळं सुटतं, ते फॉस्फेट काढतं, स्वी५ आत जातं आणि सिक१ चालू करतं. सिक१ उरल्यासुरल्या सीएलबींना गप्प करतं. त्याच सुमारास सीएलएन३ आणि स्वी४ (एसबीएफच्या जोडप्यातलं दुसरं प्रथिन) यांचीही जनुकं वाचली जातात, म्हणजे पहिल्या लाटेची सामग्री शेवटच्या लाटेच्या वेळी भरली जाते. सुमारे २००१मध्ये जनुकांवर बसणाऱ्या अशा नऊ नियंत्रक प्रथिनांचा नकाशा काढला गेला (या नऊ सायक्लिन नव्हेत) तेव्हा हेच दिसलं: प्रत्येक टप्प्यातली प्रथिनं पुढच्या टप्प्यातल्या प्रथिनांच्या जनुकांवर बसलेली, आणि शेवटची पुन्हा पहिल्यावर.

म्हणून त्याला सांगा, ठरवणारं एक कुणी नाही. प्रत्येक लाट पुढचीला उठवते आणि तिच्या हातून स्वतः बसते.

(पिठाचं आणि सूक्ष्मदर्शकाचं रात्री लिहिते. आता दूध उतू जाईल.)

यीस्टवाली_पाषाण

आता पीठ. नाही, पिठातल्या पेशी एकदम विभागत नाहीत. गोळा फुगतो तो कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि तो कुठल्याही टप्प्यातली पेशी सोडते. बेकरीत यीस्ट भरपूर घालतात आणि वेळ थोडा देतात, तेवढ्यात विभाजन कमीच होतं. गोळ्यात एका वेळी कुणी जी१मध्ये, कुणी एसमध्ये, अशी सरमिसळ असते.

या सरमिसळीनेच आमचा जीव खाल्ला. सगळ्या पेशींचे आरएनए एकत्र काढले की सगळ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि कागदावर सरळ रेषा येते. लाट बघायची तर सगळ्यांना एका रेषेत उभं करावं लागतं. त्याची एक पद्धत म्हणजे अल्फा फॅक्टर. यीस्टमध्ये दोन लिंगांसारखे प्रकार असतात, 'ए' आणि 'अल्फा'. अल्फा पेशी तेरा अमिनो आम्लांचा एक छोटासा रेणू सोडते. तो 'ए' पेशींना मिळाला की त्या स्टार्टच्या अलीकडे थांबतात आणि त्यांना नाशपातीसारखं टोक येतं. दोन तासांत जवळजवळ सगळा फ्लास्क टोकदार. मग रेणू धुऊन टाकायचा, ताजं अन्न द्यायचं, आणि घड्याळ सुरू.

दर दहा मिनिटांनी नमुना. बर्फात घालायचा, फिरवायचा, गोठवायचा, तोवर पुढची दहा मिनिटं संपलेली. दोन चक्रं बघायची तर तीन-साडेतीन तास, जागेवरून हलायचं नाही. एका एप्रिलच्या दुपारी, चाळिसाव्या मिनिटाला, वीज गेली. हलवायचं यंत्र थांबलं. यीस्टला ३० अंश लागतात आणि हवाही लागते. मी बादलीत गरम-थंड पाणी मिसळून तापमापी लावला आणि फ्लास्क हाताने फिरवत बसले, एका हाताने फिरवायचं, दुसऱ्याने नमुना काढायचा. माझ्याबरोबरची मुलगी मोठ्याने मिनिटं मोजत होती. पन्नास मिनिटांनी वीज आली. तो प्रयोग मी टाकून दिला नाही.

आठवड्याने त्याची फिल्म धुतली. तेव्हा आम्ही एकेका जनुकाचा आरएनए किरणोत्सारी खुणेने फिल्मवर पकडायचो. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली ती फिल्म वर काढली आणि दिसलं: सीएलएन२ची पट्टी तिसऱ्या नमुन्यात काळीभोर, पाचव्यात जवळजवळ नाही. सीएलबी२ची पट्टी तेव्हा उगवायला लागलेली. तिच्या मागून सिक१. खाली अॅक्टिनची पट्टी सगळीकडे सारखी, म्हणजे नमुने नीट भरले गेले होते. पावलं उमटावीत तशी पुढे पुढे सरकत जाणारी ती काळी चिन्हं मी कितीतरी वेळ बघत उभी होते. पुस्तकात वाचलं होतं सगळं. पण त्या दिवशी बादलीत हाताने फिरवलेल्या पेशींनी ते मला दाखवलं.

१९९८मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात याच पद्धतीने, दर सात मिनिटांनी नमुने घेऊन, सगळी जनुकं एकदम मोजली गेली. सुमारे ८०० जनुकं चक्राच्या तालावर वरखाली होतात असं निघालं. यीस्टचा पूर्ण जनुकसंच १९९६मध्येच वाचून झाला होता, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं, सोळा गुणसूत्रं, म्हणून हे शक्य झालं.

सूक्ष्मदर्शकाचं: नक्की दाखवता येईल. कळी दिसायला लागणं हीच पहिल्या लाटेची डोळ्यांना दिसणारी खूण आहे. दुकानातलं सुकं यीस्ट घ्या. त्या पेशी उपाशी राहून थांबलेल्या असतात, बहुतेकींना कळी नसते. बटाटे उकडलेल्या पाण्यात थोडी साखर घालून, कोमट करून त्यात सोडा, आणि दर अर्ध्या तासाने एक थेंब काचेवर. दोनशे पेशी मोजा, त्यांतल्या कळीवाल्या किती ते लिहा. ४०० पट मोठं दिसेल असा सूक्ष्मदर्शक पुरे. पेशी दाट झाल्या तर पातळ करा. आमच्यासारखी नेटकी रांग मिळणार नाही, पण थांबलेल्या पेशी उठताना मुलांना दिसतील.

ओंकार_संशोधक

यीस्टवाली ताई, फिल्मचं वाचून अंगावर काटा आला. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्याकडे आता सगळं सिक्वेन्सिंगवर जातं. पट्टी डोळ्यांनी बघितलीच नाही कधी.

एक भर घालतो, कारण त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाशी संबंध आहे. रांगेत उभ्या केलेल्या पेशीही फार काळ रांगेत राहत नाहीत. पहिलं चक्र स्वच्छ, दुसरं धूसर, तिसऱ्यात पुन्हा सरमिसळ. कारण यीस्टमध्ये विभाजन समसमान होत नाही. आईची पेशी मोठी, कळीतून झालेल्या मुलीची लहान. मुलीला स्टार्टपर्यंत पोचायला आधी वाढावं लागतं, म्हणून ती दर वेळी मागे पडते.

आणि फरक आकाराचाच नाही. स्वी५सोबत तयार होणारं एक जुळं प्रथिन आहे, एसीई२. ते विभाजनाच्या शेवटी फक्त मुलीच्या केंद्रकात जातं. तिथे ते कायटिनेज तयार करवतं, जे आई-मुलीमधली भिंत विरघळवतं. म्हणजे नाळ मुलगीच कापते. शिवाय तेच एसीई२ मुलीत सीएलएन३ला थोडं दाबून ठेवतं, म्हणून तिचा जी१ आणखी लांबतो. एसीई२ बिघडलेल्या यीस्टच्या पेशी सुट्या होतच नाहीत, गुच्छ होतात. प्रयोगशाळेत गुच्छ करून राहणारं यीस्ट निवडून घेतलं, तेव्हा त्यात नेमकं हेच जनुक बिघडलेलं सापडलं.

उलट उदाहरणही आहे. एचओ नावाचं जनुक पेशीचा 'ए'-'अल्फा' प्रकार बदलतं, आणि ते फक्त आईत चालू होतं. का? तर एएसएच१ या दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाचा आरएनए अॅक्टिनच्या दोरांवरून ओढून मुलीच्या टोकाला नेऊन ठेवला जातो. प्रथिन तिथेच तयार होतं, मुलीच्या केंद्रकात जातं आणि तिच्यात एचओ गप्प राहतं. एकच जनुकसंच, एकच क्षण, आणि तरी दोन केंद्रकांत दोन वेगळे निर्णय! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पाषाण रस्त्यावर चहाच्या टपरीवर मित्राला अर्धा तास हेच सांगत होतो.

अभिजित_गणित

मी गणिताचा माणूस, म्हणून शंका. ताई म्हणतात ठरवणारं एक कुणी नाही. पण प्रत्येक पायरीवर सीडीसी२८ हजर आहेच. मग तोच मुकादम का म्हणू नये? खो-खोच्या उपमेतही शिट्टी वाजवणारा पंच असतो.

दुसरं, ८०० जनुकं वरखाली होतात, उरलेली पाच हजारांवर सारखी राहतात. एखादं यंत्र बनवायला दहा भाग लागत असतील आणि त्यांतले दोनच वेळेवर बनत असतील, तर बाकीचे आठ आधी तयार ठेवून उपयोग काय?

यीस्टवाली_पाषाण

अभिजितराव, पहिली शंका खरंच अवघड आहे आणि त्यावर जाणकार लोक भांडलेले आहेत. २००८मध्ये एका गटाने सीएलबी १ ते ६ सगळ्या काढून टाकलेल्या पेशी घेतल्या. त्यांत डीएनए दुप्पट होत नाही, विभाजन होत नाही. तरीही लयीत चालणाऱ्या जनुकांपैकी सुमारे ७० टक्के आपापल्या वेळी वरखाली होत राहिली. म्हणजे नियंत्रक प्रथिनांची साखळी स्वतःच्या जोरावर बरीच धावते. २०१६मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की एकीकडे सीडीके आणि दुसरीकडे सायक्लिनला नष्ट करणारं यंत्र, या दोघांचा हातच त्यात प्रबळ आहे. मला स्वतःला वाटतं की दोन चाकं एकमेकांत दात घालून फिरताहेत. सीडीसी२८ला मुकादम म्हणायला माझी तयारी नाही, कारण त्याला स्वतःला टप्पा ठाऊक नसतो. सोबतीला सायक्लिन कुठली, यावर त्याचं काम ठरतं, आणि ती सोबतीण पाठवतात जनुकं.

दुसरी शंका मला स्वयंपाकघरात नेते. उकडीचे मोदक करायचे तर सारण आदल्या रात्री करून ठेवता येतं. उकड मात्र आयत्या वेळीच काढावी लागते, नाहीतर पाऱ्या फुटतात. आणि उकड नसेल तर सारण कितीही असलं तरी मोदक नाही. पेशी हेच करते. २००५मध्ये यीस्टच्या प्रथिन-समूहांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की बहुतेक यंत्रांत काही भाग कायम तयार असतात आणि एखाद-दुसरा आयत्या वेळी येतो. त्या एकाच्या येण्यावर सगळं यंत्र चालू-बंद करता येतं. सगळे दहा भाग दर वेळी नव्याने करण्यापेक्षा हे स्वस्तही आहे.

काही गोष्टी मात्र पूर्ण आयत्या वेळीच हव्यात. हिस्टोन घ्या, ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळला जातो. डीएनए दुप्पट होताना तेही दुप्पट लागतात, त्याच मिनिटांत. कमी पडले तर नवा डीएनए उघडा राहतो. जास्त झाले तर तेही पेशीला बाधतात. म्हणून त्यांची जनुकं एसमध्ये उसळतात आणि लगेच खाली येतात.

स्नेहल_कोथरूड

मी विज्ञानाची नाही, बँकेत आहे. पण हा धागा दोन वेळा वाचला. माझ्या आईला स्तनाचा कर्करोग आहे आणि तिच्या एका गोळीच्या माहितीत "सीडीके ४/६" असं लिहिलंय, पाल्बोसिक्लिब. एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस थांबायचं. डॉक्टरांनी समजावलं, पण तेव्हा माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. हे तुम्ही लिहिताय तेच सीडीके का?

यीस्टवाली_पाषाण

स्नेहल, हो, त्याच घराण्यातलं. आईंच्या उपचाराबद्दल त्यांचे डॉक्टरच सांगतील, मी फक्त आतली रचना सांगते.

वर मी व्हि५ आणि एसबीएफ लिहिलं ना, एकाने दुसऱ्याला धरून ठेवलेलं, सायक्लिन-सीडीके येऊन फॉस्फेट चढवतं आणि धरणारा सुटतो. माणसाच्या पेशीत धरणाऱ्याचं नाव आरबी, धरलेल्याचं नाव ई२एफ, आणि पहिला धक्का देणारे सीडीके४ आणि सीडीके६. आरबीची आणि व्हि५ची अक्षरं जुळत नाहीत, दोघं नात्यात नाहीत, तरी कडी तीच आहे. ज्या पेशी हा धक्का सारखा देत राहतात त्या विभागत सुटतात. तुझ्या आईची गोळी सीडीके४ आणि ६ला अडवते, म्हणजे आरबीची पकड टिकते आणि पेशी स्टार्टच्या अलीकडे थांबते. अमेरिकेत तिला २०१५मध्ये मान्यता मिळाली.

आणि हे सगळं सुरू कुठून झालं तर बेकरीच्या यीस्टमधून. लेलंड हार्टवेल यांनी १९७०च्या सुमारास यीस्टचे असे प्रकार शोधून काढले जे गरम केले की चक्राच्या ठराविक जागी अडकतात. किती आकाराच्या कळीवर अडकले ते बघून त्यांनी जनुकांचा क्रम लावला. सीडीसी२८ त्यांतलंच. पुढे पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेने १९८७मध्ये दाखवलं की दुसऱ्या एका यीस्टमधलं तेच जनुक बिघडलं तर माणसाचं जनुक घालून ती पेशी चालते. २००१चं नोबेल या दोघांना आणि सायक्लिन शोधणाऱ्या टिम हंट यांना मिळालं.

आईंना लवकर बरं वाटो. काहीही विचारायचं असलं तर इथे विचार, मी रोज बघते.

स्नेहल_कोथरूड

ताई, हे छापून आईला वाचून दाखवलं. ती शिवणकाम करायची. म्हणाली, म्हणजे टाका घट्ट राहावा म्हणून गोळी आहे तर. खूप आभार.

मृणालबाई_सदाशिवपेठ

सगळ्यांची मनापासून ऋणी आहे. शनिवारी जादा तास घेतला. चार मुलं बटाट्याचं पाणी घेऊन आली होती, आणि तो मुलगा वडिलांकडून कागदाच्या पुडीत यीस्ट घेऊन आला. सकाळी आठला सोडलं. प्रयोगशाळेतला एकच सूक्ष्मदर्शक नीट चालतो, त्यामुळे आळीपाळीने डोळा लावायचा आणि दुसऱ्याने वहीत रेघा ओढायच्या.

पहिल्या तासात कळीवाल्या पेशी शोधून काढाव्या लागत होत्या. मुलं कंटाळली, दोघं वडापाव आणायला गेली. साडेदहाला मोजणाऱ्या मुलीने हाक मारली, "मॅडम, या पेशीला टोपी आलीय." नंतर प्रत्येक थेंबात टोप्या वाढत गेल्या. बाराच्या मोजणीत अर्ध्याहून जास्त होत्या. आलेख फळ्यावरच काढला आणि अजून पुसलेला नाही, शिपाईमामांना तसं सांगून ठेवलंय.

खो-खो मी मैदानात नेऊन शिकवलं. आठ जणांच्या पाठीवर खडूने नावं लिहिली, सीएलएन२ने सीएलबी२ला खो दिला की स्वतः बसायचं. अभिजितरावांची शंका तिथेच आली, मुलं म्हणाली सीडीसी२८ कुठे आहे? शेवटी त्याला सगळ्यांबरोबर धावायला लावलं, ज्याला खो मिळेल त्याचा हात धरून.

त्या मुलाने आलेखाकडे बघून विचारलं की सुक्या यीस्टमधल्या सगळ्या पेशी एकाच जागी थांबल्या होत्या, मग काहींना टोपी साडेदहाला आली आणि काहींना बारापर्यंत आलीच नाही, असं का? मी त्याला आई-मुलीचा आकार सांगितला, पण त्याचं समाधान झालं नाही. तो म्हणतो, एकाच आकाराच्या दोन पेशी शेजारी शेजारी होत्या, मी बघितल्या, एकीला आली आणि एकीला नाही. ताई, ओंकार, याचं काय सांगू?

ओंकार_संशोधक

बाई, त्याला सांगा की सीएलएन३चे रेणू एका पेशीत फार थोडे असतात, आणि थोड्या रेणूंचा खेळ असला की दोन सारख्या पेशींतही नशिबाचा भाग येतो. व्हि५चं प्रमाण पेशी वाढते तसं पातळ होत जातं आणि त्यावरून पेशी आपला आकार मोजते, असं २०१५मध्ये मांडलं गेलं. पुढच्या काही प्रयोगांनी त्यावर शंका घेतली. तेव्हा शेजारच्या दोन पेशींचा त्याचा प्रश्न अजून उघडा आहे. पुढच्या शनिवारी मी आमच्याकडचा एक जुना सूक्ष्मदर्शक घेऊन येऊ का? त्याला कॅमेरा आहे. एकाच पेशीवर तीन तास ठेवता येईल.

मृणालबाई_सदाशिवपेठ

या. आठ वाजता. बटाट्याचं पाणी आम्ही तयार ठेवतो.